वाणात दिलेला सिनेमा

बाबा, तुमच्या सीड्यांपैकी एक परत घरात आली आहे. आपला गच्चीचा सिनेमा. दोन्ही भाग शाबूत आहेत, आणि कव्हरवर आईच्या बोटाचं कुंकू सुकून काळपट झालंय. तुम्ही असतात तर आधी ती उजेडाकडे तिरकी धरून ओरखडे शोधले असते, मग मान डोलावून म्हणाला असतात, "जपलीय हो कुणीतरी." जपलीच होती. पण ती परत आणताना जे काही झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तुमच्यावर माझा रागही आहे. तोही मध्ये मध्ये येईल, ऐकून घ्या.

गिरगावातली आपली खोली आठवते? काय विचारते मी, तुम्हाला नाही आठवणार तर कुणाला. रविवारची दुपार, जेवणं आटपलेली, भांडी मोरीत. तुम्ही बनियनवर, लोखंडी कपाटासमोर खुर्ची ओढून बसलेले. लोकांच्या कपाटात साड्या आणि दागिने, आपल्या कपाटाचे वरचे दोन कप्पे सिनेमांचे, आणि आईच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत. त्यावरून ती तुम्हाला किती बोलायची! तुम्ही आजोबांच्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन सीडी पुसताय, मधून कडेकडे, सरळ. मी एकदा गोल गोल पुसली तर चाळीतल्या सगळ्या बायकांदेखत केवढ्याने ओरडलात, "तवा आहे का तो?" मला इतकी लाज वाटली की मी तो सिनेमा दाराबाहेर बसून नुसता ऐकला. मग दार उघडंच, समोरच्या खोलीतल्या काकू उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या, "भावजी, आज रडको लावू नका हां, माझो डोळ्याचो इलाज चाललोहा." गच्चीचा सिनेमा लागला की मात्र सगळे खूश. दोन सीड्यांचा तो, पहिली संपायची ती नेमकी नायिका रागारागाने गच्चीचा जिना चढत असताना. तिचा एक पाय वरच्या पायरीवर, आणि पडदा काळा. तुम्ही ऐटीत उठून "मध्यंतर!" म्हणायचात आणि आई चहा टाकायला जायची. वर्षानुवर्षं ती बाई आपला चहा होईपर्यंत जिन्यावर थांबून राहिली.

आणि इतकं जपणाऱ्या तुम्हाला ते सगळं वाटून टाकायची दुर्बुद्धी कुठून झाली, हे मी अजून स्वतःला विचारते. तुमच्या निवृत्तीनंतर मी नवा टीव्ही आणला, त्याच्यावर तुमच्या मोबाईल नंबरने खातं उघडून दिलं, आणि तुम्ही लहान पोरासारखे हरखलात. त्यात भाड्याने बघता येत होते सिनेमे, पण भाड्याचं तुम्हाला पटेना. "विकत घे, कायमचा," म्हणालात. बटणावर तसंच लिहिलं होतं, विकत घ्या म्हणून. गच्चीचा सिनेमा तुम्ही पहिला घेतलात, आणि शेजारीपाजारी सांगत सुटलात, "आता पुसायला नको, ओरखडा नाही, बुरशी नाही. मी मेलो तरी हा आहेच." आई म्हणाली, "बोलताय काय अभद्र." बाबा, अभद्र नव्हतं ते. नुसतंच चुकीचं होतं.

मग चाळ पाडून तिथे नवी इमारत बांधायची म्हणून रिकामी करायची नोटीस आली. सगळे पांगणार, कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, आपण अँटॉप हिलला भाड्याच्या जागेत. चाळीतलं शेवटचं हळदीकुंकू आईचं होतं आणि वाण काय लुटायचं यावर ती प्लास्टिकचे डबे की स्टीलच्या वाट्या असा घोळ घालत बसली होती. तुम्ही वर्तमानपत्र खाली न करता म्हणालात, "सिनेमे लूट." आधी तिला वाटलं थट्टा करताय. मग तुम्ही उठून कपाट उघडलंत. कुणाला कुठला, ते सुद्धा तुम्हीच ठरवलंत, मागच्या खोलीतल्या भांडकुदळ वहिनींना मुद्दाम संसाराचा शांत सिनेमा दिलात आणि स्वतःच्याच विनोदावर दिवसभर हसत राहिलात. आई प्रत्येक कव्हराला कुंकवाचं बोट लावत होती, तिळगुळाबरोबर हातात देत होती, आणि बायका हसून हसून बेजार. समोरच्या काकूंना गच्चीचा सिनेमा गेला. मी तेव्हा खांबाला टेकून फोटो काढत होते. मला सगळं फार गोड वाटत होतं. तुम्हाला एका शब्दाने अडवावं असं मनात आलं नाही, कारण मलाही वाटत होतं की सिनेमा आता टीव्हीत आहेच.

नवी इमारत बघायला तुम्ही राहिला नाहीत. ते राहू द्या. तुमच्या तेराव्याला आलेल्या बायकांनी आईचं कपाळ मोकळं केलेलं मी बघितलं आणि काही बोलले नाही, तेही राहू द्या. तुमचा फोन महिनोन् महिने खणात पडून होता, नंबर आपोआप बंद झाला. आम्ही गिरगावात परत आलो, वरच्या मजल्यावर, हवेशीर, लिफ्टबिफ्ट. त्या गडबडीत जुना टीव्ही बिघडला, नवा आणला, आणि नव्याने विचारलं, कोड पाठवलाय, टाका. कोड कुठे पाठवलाय? तुमच्या नंबरवर. मी तुमचा नंबर फिरवला, बाबा. कितीतरी दिवसांनी. एका तरुण मुलाने उचलला, म्हणाला, "बोलो आंटी." मी फोन ठेवून दिला. मग कस्टमर केअर. तिकडची मुलगी इतक्या अदबीने बोलत होती की मला आणखी चीड आली. "मॅम, विकत म्हणजे पाहण्याची परवानगी असते, ती खातेदारापुरती असते." मी म्हटलं, अहो, खातेदार गेला, त्याची बायको आहे ना. तर म्हणे, "त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." घर तुमच्यामागे आईच्या नावावर झालं, पेन्शन झाली, गॅससुद्धा झाला. सिनेमा तेवढा झाला नाही.

तोवर आईचं विसरणं सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग माझा मुलगा कोण हे. शेवटी तुम्ही गेलात हेही. रोज संध्याकाळी दिवे लागले की विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" मी पहिल्यापासून खरं सांगत आले. आईशी खोटं बोलायचं नाही असा माझा हट्ट. मी सांगायचे, "आई, बाबा गेले ना आपले," आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची. रोज. तुमचं सुतक रोज नव्याने. फक्त गच्चीचा सिनेमा लावला की ती विचारत नसे. एका दुसऱ्या ॲपवर तो सापडला होता, महिन्याचे पैसे भरून, आणि बरेच दिवस आमचं ठीक चाललं. तिथे मध्यंतर नव्हतं, सिनेमा सलग. पण नायिकेने जिन्यावर पाय ठेवला की आई बरोबर उठायची, चहा टाकायला. नातवाचं नाव आठवत नाही त्या बाईला ते आठवत होतं. आणि एका दुपारी ॲप म्हणालं, हा सिनेमा आता उपलब्ध नाही. का, कुठे गेला, कधी येणार, काही नाही. त्या संध्याकाळी तिने तुम्हाला विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं.

म्हणून मी चाळीच्या ग्रुपवर टाकलं, कुणाकडे बाबांच्या सीड्या आहेत का? सकाळी फुलांचे फोटो पाठवणारे सगळे जागे झाले. डोंबिवलीकर म्हणाले, आमची खिडकीत टांगलीय, कबुतरं येत नाहीत. एकीने गणपतीच्या मखराला चिकटवली होती, "काय चमकायची गं!" भांडकुदळ वहिनींनी सुनेशी भांडण होऊन टाकून दिली. तुम्ही असतात तर कपाळाला हात लावला असता आणि मग हसला असता. मी नाही हसू शकले. मला त्या माणसांचा नाही, तुमचा राग आला. एवढा जीव लावलेल्या वस्तू कुणी अशा उधळतं का? एक तरी घरात ठेवायची होती, बाबा. आईसाठी एक.

काकूंचा फोन भर दुपारी आला, त्यांच्या लालबागच्या घरून. "गच्चीचो सिनेमा माझ्याकडे असा. वाणाची वस्तू मी कशाक टाकतंय?" मी म्हटलं, आत्ता निघते, घेऊन जाते. तर म्हणाल्या, "अगो बाय माझे, वाण कोण परत मागता? तसा मी देवचंय नाय. संक्रांतीक माझ्याकडे हळदीकुंकू असा, आवशीक घेवन ये. मी तिका वाण देतंय." मग म्हटलं, "काकू, आई आता... हळदीकुंकवाला..." त्या म्हणाल्या, "माका ठावूक असा. तू घेवन ये."

मी गेले. तुम्हाला ठाऊक आहे, मी असल्या रिवाजांवर तोंड सोडणारी. विधवेला का नाही, सवाष्ण म्हणजे कोण मोठी लागून गेली, हे सगळं मी ऑफिसात तावातावाने बोलते. पण त्या दिवशी आईला गुलबक्षी साडी नेसवताना माझ्या मनात एकच होतं, कुणी तिच्या तोंडावर काही बोललं तर? काकूंच्या घरात पंधरावीस बायका, मसाल्याच्या दुकानांचा तिखट वास खिडकीतून आत येतोय, त्यांची सून ताटली घेऊन फिरतेय. आईपाशी आल्यावर ती थबकली आणि सासूकडे बघू लागली. काकू उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. सुनेच्या हातून ताटली घेतली आणि आईच्या कपाळावर हळद लावली, मग कुंकू. भलंमोठं, ठसठशीत. एक बाई काही पुटपुटली. काकूंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग ओटीत तिळगुळ आणि आपली सीडी. आणि कुणीतरी, बिचारी नवीन असेल, सवयीने आईला म्हणाली, "मावशी, नाव घ्या ना." मला वाटलं आता संपलं. पण आईने पदर सारखा केला आणि उखाणा घेतला. एकही शब्द न अडखळता, शेवटी तुमचं नाव, लाजून. बाबा, ती लाजली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन मी माळ्यावरून तुमचा प्लेअर काढला. चालला. सीडीही चालली, मी ती सरळ पुसली होती. चित्र आलं, तेच गाणं, तोच खरखरता आवाज, आणि मी जिंकल्यासारखी आईकडे वळले. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. गुलबक्षी साडीत, कपाळभर कुंकू घेऊन, ती दाराकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "आत्ता कशाला लावलास? ह्यांना येऊ दे की. ह्यांचा सिनेमा आहे." मी तिला सिनेमा हवाय समजून सगळी मुंबई पालथी घातली. ती इतके दिवस सिनेमाबरोबर तुम्हाला बघत होती. ॲपवरचा असो, सीडीवरचा असो, तुम्ही शेजारी आहात असं वाटलं की तिचं भागत होतं. आता कुंकू लावून, तुमचं नाव घेऊन आल्यावर नुसत्या वाटण्यावर ती कशी भागवणार? तिने विचारलं, "कसे आले नाहीत अजून?" आणि मी तोंड उघडलं, ते रोजचं वाक्य सांगायला. नाही सांगवलं. म्हटलं, "आज ऑफिसात उशीर आहे त्यांना." ती म्हणाली, "बरं," आणि पाय वर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, कुंकू कुठाय. मी लावलं. तेव्हापासून रोज लावते. रोज संध्याकाळी तुम्हाला ऑफिसात उशीर होतो. ती रडत नाही आणि मी चांगली मुलगी की वाईट हे मला कळेनासं झालंय. तुमच्यावरचा राग मात्र लिहिता लिहिता कुठेतरी गेला. तुम्ही दिलं नसतंत, तर परत द्यायला काकूंकडे काय असतं? पण तुमच्याबरोबर आणखी एक सिनेमा बघायचा राहून गेला, तेव्हा मी ऑफिस, मुलगा, डबे असं करत रविवारी तुमच्याशेजारी बसायचं टाळायचे, याची रुखरुख काही जात नाही.

हे पाठवायचं कुठे, प्रश्नच नाही. एक सांगते आणि थांबते. परवा इमारतीच्या सोसायटीची बाई दारावर आली होती, रजिस्टर घेऊन, घरात कोण कोण राहतं लिहायला. आई आत झोपलेली होती, तिला ऐकू जायचा प्रश्न नव्हता. तरी मी म्हटलं, "मी, मुलगा, आई आणि बाबा." तिने लिहून घेतलं. मी तिला थांबवलं नाही.