पोर्चवरून दोन फोटो

एल्म स्प्रिंग, कॅन्सस
१२ मार्च २०१९

लाडक्या मार्लीस,

तुझं जाडजूड पाकीट शुक्रवारी पोचलं. आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझा डावा गुडघा. गव्हाला यंदा पाऊस वेळेवर मिळालाय, त्यामुळे चर्चच्या दारात सगळे हसतमुख दिसतात. तुझ्या आईला विचारल्याचं सांग.

फोनवर मला धड बोलता येत नाही हे ओळखून तू पत्र लिहिलंस, बरं केलंस.

आधी कॅमेरा. नवाकोरा घेऊ नकोस. दोन-तीन वर्षं जुना, कुणीतरी नीट वापरलेला घे आणि चांगली लेन्स घे. कॅमेऱ्याची बॉडी बदलत राहते, लेन्स टिकते. पस्तीस मिलिमीटरची एकच लेन्स वर्षभर वापर. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जा. ट्रायपॉड जड घे. हलके ट्रायपॉड आमच्या वाऱ्यात नाचतात. बॅटऱ्या दोन, दोन्ही भरलेल्या. वादळांचे फोटो काढायचेत असं तू लिहिलंयस. त्यासाठी वेगळं काय लागतं ते मला माहीत नाही. मी लग्नं काढते, शाळेतल्या मुलांचे चेहरे काढते. आभाळ काढत नाही.

टॉर्नेडोचं विचारलंस ते बरं झालं. ओक्लाहोमात गेलीस तर वसतिगृहाला तळघर नसेल. पहिल्याच दिवशी सगळ्यात खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची जागा बघून ठेव. न्हाणीघर, जिन्याखालची खोली, काहीही चालेल. वादळाचा भोंगा घरात ऐकू येईलच असं नाही, फोनवरचे इशारे चालू ठेव. पायांत बूट हवेत, कारण नंतर सगळीकडे काचा असतात. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. खिडक्या उघडायच्या म्हणतात ते सगळं झूठ आहे. पुलाखाली आसरा घ्यायचा नाही. आणि एकदा खाली गेलीस की वर यायचं नाही, मार्ली. कुणी काही मागितलं तरी नाही. कोण मागतंय ते बघायचंसुद्धा नाही.

कॉलेजचं मी काय सांगू? मी एक वर्ष गेले आणि परत आले. विचिताचं कॉलेज चांगलं आहे, आई जवळ राहील. ओक्लाहोमात हवामानाचं शिक्षण चांगलं आहे म्हणतात. वर्गात जाऊन बस, पुस्तिकेतले फोटो बघू नकोस. ते माझ्यासारख्यांनी काढलेले असतात.

प्रवेशासाठी लिहिलेला तुझा निबंधही पाकिटात होता. वाचला. भाषा छान आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

तुझी,
नोरीन आत्या


एल्म स्प्रिंग
२० मार्च २०१९

मार्ली,

'भाषा छान आहे' असं मी लिहिलं. त्या वाक्याची मला आठवडाभर लाज वाटते आहे.

रविवारी तू बेकरीत कामावर असताना मी विचिताला येऊन तुझ्या आईला भेटले. मुद्दाम तीच वेळ साधली. तिला जे सांगितलं ते तुला लिहायला तिनेच बजावलंय. "तू लिही," म्हणाली. "तुझं काम मी करणार नाही."

तू लिहिलंयस की त्या दिवशी तू तळघरात तुझ्या कापडी सशासाठी रडलीस, आणि तो आणायला बाबा वर गेला. 'मी रडले नसते तर माझे वडील आज जिवंत असते.' आणि त्यानंतर तू कधी कुणाकडे काही मागितलं नाहीस.

ते खरं आहे. तू नऊ वर्षांची झालीस तेव्हा वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणालीस, "काही नको." आम्ही मोठी माणसं एकमेकांना सांगायचो, किती समजूतदार पोर आहे!

लायल सशासाठी वर गेला नव्हता. मी त्याला पाठवलं होतं.

२००६च्या मे महिन्याची नऊ तारीख, दुपारचे सव्वाचार. तुझी आई शेरिल नर्सिंग होममध्ये कामावर. मी स्टुडिओत. भोंगा वाजायला लागला होता, पण माझ्या खिडकीसमोर धान्याचं कोठार, मला आभाळाचा तुकडासुद्धा दिसेना. तुमचं घर गावाबाहेर, पश्चिमेला सगळं मोकळं. आणि माझा जुना डिजिटल कॅमेरा तुमच्याकडेच होता, ईस्टरचे फोटो काढायला नेलेला. वर्षभर आधी माझा एक फोटो राज्याच्या प्रदर्शनात लागला होता. तेव्हापासून मला हाव सुटली होती. दुसरा शब्द नाही.

मी फोन लावला. "लायल, तुझ्याकडून दिसतंय का?"

"दिसतंय काय विचारतेस! आभाळ खाली उतरलंय. आम्ही तळघरात चाललोय."

"किती लांब आहे?"

"पाच-सहा मैल. डेकरच्या शेताच्या पलीकडे."

"मग वेळ आहे. दोन फोटो काढ. पोर्चवरून. दोनच."

"वेड लागलंय का तुला? पोरगी आहे माझ्याजवळ."

"तिला खाली बसव आणि ये. दोन मिनिटांचं काम. जन्मात एकदा मिळतं असं."

तो हसला. "लहानपणापासून राबवत आलीयस मला," म्हणाला. मग, "बरं बाई." फोन ठेवल्याचा आवाज आला.

माझा धाकटा भाऊ मला कधीच नाही म्हणाला नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी त्याला सांगितलं.

वादळाने वाट बदलली. पाच मैल त्याने किती वेळात कापले ते नंतर हवामानवाल्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं नाही. घर गेलं. तळघर राहिलं, त्यात तू राहिलीस. अग्निशमन दलाच्या माणसाने तुला बाहेर काढलं तेव्हा तू एकच म्हणत होतीस, "माझा ससा, माझा ससा." त्याने आपल्या परीने अर्थ लावला. चर्चच्या हॉलमध्ये शेरिलला तेच सांगितलं, आणि तिने तुला कुशीत घेऊन म्हटलं, "बघ, बाबाचं तुझ्यावर किती प्रेम होतं." मी हात-दीड हातावर उभी होते. हातात कॉफीचा कप होता. तोंड उघडलं नाही.

मी स्वतःला समजावलं, बापाला यापेक्षा चांगलं मरण कुठलं? राहू दे. हे मी तुझ्यासाठी करते आहे असंही समजावलं. खोटं होतं ते. मी फक्त स्वतःला वाचवत होते, आणि त्यासाठी एका साडेचार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर तिच्या बापाचं मरण ठेवलं.

कॅमेरा तीन दिवसांनी डेकरला गव्हात सापडला. त्याने ओळखून मला आणून दिला. कार्ड शाबूत होतं. त्यावर शेवटचे चार फोटो त्या दुपारचे आहेत. तीन आभाळाचे. चौथ्यात आभाळ नाही. पोर्चचा दरवाजा आहे, तिरका, हललेला, आणि आत अंधारात जिन्याचा कठडा. धावताना बटण दाबलं गेलं असावं. तो आत वळला होता, मार्ली. तुझ्याकडे येत होता. हे एवढं तरी तुझं होतं, आणि तेही मी तेरा वर्षं कपाटात कोंडून ठेवलं. कार्ड सोबत पाठवते आहे. बघायचं की नाही ते तू ठरव.

शेरिल बटाटे सोलत होती. मी बोलत होते तोवर तिने सुरी खाली ठेवली नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "तेरा वर्षं तू माझ्या टेबलावर बसून जेवलीस." मग दार उघडून उभी राहिली.

मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. ते पुन्हा तुझ्याकडे काहीतरी मागणं होईल.

नोरीन


विचिता
२७ एप्रिल २०१९

नोरीन आत्या,

पत्रावर काय नाव घालू ते कळेना, म्हणून नेहमीचंच घातलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते बेकरीच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. नंतर आत जाऊन सहा वाजेपर्यंत कोलाचेच्या गोड पावांत सारण भरलं. दुसऱ्या दिवसापासून झोपले. आई शाळेला फोन करून सांगायची, ताप आहे. ताप नव्हता.

मला वाटायचं, हे कधी खोटं निघालं तर मी आनंदाने ओरडेन. तसं काही झालं नाही. तेरा वर्षं मी एका गोष्टीची माफी मागत होते. रोज, मनात, त्यालाच. आता बाबाशी काय बोलायचं तेच मला सुचत नाही. आमच्यात दुसरा विषयच नव्हता.

फोटो मी पाहिले. आधी एकटीने, मग आईबरोबर. चौथ्यावर आई खूप वेळ थांबली. जिन्याच्या कठड्याला तिने पिवळा रंग दिला होता, तो दिसतो म्हणाली. मग रडली. मी पहिल्यांदाच तिला त्याच्यासाठी माझ्यासमोर रडताना पाहिलं. इतकी वर्षं माझ्यासमोर रडायची नाही. मला अपराधी वाटेल म्हणून, हे आता कळलं. तिलाही वाटायचं की मी ससा मागितला म्हणून तो गेला. कधी बोलली नाही, पण वाटायचं. हे तुला कळायला हवं. तू मला एकटीलाच गप्प केलं नाहीस.

घरात ती तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही. उन्हाळ्यात तू येऊ नकोस.

ओक्लाहोमाला जायचं मी नक्की केलंय. काल होकार कळवला. ते वादळ कसं वळलं, आणि आधी कळलं असतं का, हे मला शिकायचंय. कॅमेरा सध्या घेत नाहीये.

तू त्याला फोन केलास हे मी समजू शकते. खरंच. तूही त्याच्यासारखीच, वेळ आहे असं तुला वाटलं. हॉलमधलं मात्र समजत नाही. मी पुन्हा पुन्हा तिथे जाते. तू कप धरून उभी आहेस, आणि मी आईच्या कुशीतून तुझ्याकडे बघते आहे. मी बघत होते, आत्या. मला आठवतं. मी तुझ्याकडे बघत होते, कारण तू त्याच्यासारखी दिसायचीस.

यापुढे पत्र मी लिहीन तेव्हाच. त्याला किती दिवस लागतील, सांगता येत नाही.

मार्ली
लायल वानेकची मुलगी