दोन टिचक्या

अमरावती, १० एप्रिल १९६९

संध्याकाळी संगणकाच्या नव्या भाषेवरचा लेख वाचत होतो. तिच्यात वस्तूंचे वर्ग करतात. प्रत्येक वर्गाचा पूर्वज एकच, सगळे गुण तिथूनच उतरतात. मला पटेना. एखादा गुण नातं न लावता बाजूने का जोडू नये?

तेवढ्यात माझ्या लेकीने, सुमीने, पाण्याच्या पेल्याला दोन टिचक्या मारल्या आणि मग ती पाणी प्यायली. ही सवय वासुदेवची, माझ्या होस्टेलातल्या सोबत्याची. तो तर सुमीच्या जन्माआधीच वारला.

बायको म्हणाली, "तुमचंच पाहून शिकली. तुमी रोजच तर करता."

मी? कधीपासून?

अकोल्याला वासुदेवची आई नेहमी म्हणते, "त्याच्या मागं काईच नाई राह्यलं, बाप्पा."

रविवारी सुमीला घेऊन अकोल्याला त्या आईकडे जायचं ठरलंय. उन्हातून गेल्यावर सुमी आधी पाणीच मागेल.