मोठ्याने वाचायचं

सोम. १२ जून २००६
आज सगळ्यांच्या शाळा उघडल्या. साडेसहापासून खाली रिक्षांचे हॉर्न. मुक्ता गॅलरीत उभी राहून बघत होती. सात वर्षांची. खरं तर तिसरीत बसायची आज.
जानेवारीत आम्हीच तिला शाळेतून काढलं. बाई उभं करून मोठ्याने वाचायला लावायच्या, ही अडखळायची, पोरं हसायची. मग बाईच नक्कल करायला लागल्या. डबा भरलेला परत यायचा. पुढे अंथरूण ओलं.
मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडली. पाच महिने मीच तिची बाई. धाकटी जुई साडेचारची, तिला आमची शाळा म्हणजे नुसता खेळ.
अभिजितने या घरच्या शाळेला जूनपर्यंत मुदत दिली होती. आज ऑफिसातून येताना हडपसरातल्याच एका नव्या शाळेचा फॉर्म घेऊन आला. शनिवारपर्यंत द्यायचाय. म्हणाला, "गुरुवारी आई येतेय. ती बघेल हिला कितपत येतंय. मग ठरवू."
सासूबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. म्हणजे परीक्षा. हिची की माझी?

मंगळ. १३
लिहावंसं वाटत नाहीये. तरी.
सकाळी गणित छान झालं. चवळीचे दाणे मांडून वजाबाक्या, एकही चुकली नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण डोक्यात गुरुवार. वाचनाचं पुस्तक काढलं. समोर घड्याळ ठेवलं. कशाला?
"का... का... का..."
मी थांबले. थोडंच. मग, "कावळा! कावळा म्हण की गं! दिसतोय ना समोर?"
तिने पुस्तक मिटलं. मी दंड धरून ओढलं. नखं लागली. ती उठली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.
पाऊण तास. हाका मारल्या, आधी रागाने, मग कशाही. आतून आवाज नाही. नळाचाही नाही. जुई रडायला लागली. वॉचमनकाकांना बोलवून कडी तोडायची का, इथपर्यंत विचार गेला. शेवटी दाराखालून कागद सरकवला. 'बरी आहेस ना? हो / नाही.' मागून पेन्सिल.
कागद परत आला. हो-वर खूण. खाली लिहिलं होतं, 'तू बाईंसारखी बोललीस.'
एकही चूक नाही. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर.
थोड्या वेळाने बाहेर आली. जेवली. बोलली नाही.

बुध. १४
आजही नाही. माझ्याशी नाही, म्हणजे. जुईशी खोलीत काहीतरी कुजबुजते, मी गेले की गप्प. सॉरी म्हटलं. मान हलवली.
शाळा घेतली नाही. अभिजितला अजून काही सांगितलेलं नाही. त्याचा अमेरिकेचा कॉल होता, असं मी स्वतःला सांगतेय.

गुरु. १५
सासूबाई नारायण पेठेतून दोन बस बदलून बरोबर अकराला हजर. "शाळा कुठे भरते तुमची? हॉलमध्ये का स्वयंपाकघरात?"
चहा झाल्यावर पुस्तक मुक्ताच्या हातात दिलं. "वाच गं."
मुक्ताने ते मिटूनच धरलं. मी ओठ आवळून बसलेली.
जुई म्हणाली, "आजी, ताई बोलत नाही. आईने ओढलं ना तिला."
सासूबाईंनी मुक्ताची बाही वर केली. बघितलं. मग मला, "नखं कापायला सवड होत नाही वाटतं?"
जमिनीत गेले असते तर बरं.
त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. "चल, गवार मोडू." दोघी स्वयंपाकघरात. मी हॉलमध्येच. दहा मिनिटांनी मुक्ताचा आवाज आला. पार्किंगमधल्या मांजरीने स्कूटरच्या डिकीत पिल्लं घातली, ते सांगत होती. अडखळत, मध्येच थांबत, पण सगळं. सासूबाईंचा हुंकारसुद्धा नाही. गवार मोडल्याचा आवाज फक्त.
निघताना मी विचारलं, "अहो आई, अभिजितला काय सांगू?"
"वाचता येतं का ते मला कळलं नाही. बोलता येतं तिला. तुझ्यासमोर येत नाही."
चप्पल घालता घालता म्हणाल्या, "शाळेत घातलीस तर तुझी सुटका होईल. तिची होईल का, ते मला नाही सांगता यायचं."

शुक्र. १६
अभिजितला सगळं सांगितलं. दाराखालचा कागदही दाखवला. वाटलं, ओरडेल. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मला का नाही बोलावलंस?"
मग त्याने फॉर्म काढून मुक्तासमोर ठेवला. "तुला काय वाटतं?"
तिने फॉर्म उलटसुलट बघितला. मग माझ्याकडे बघून, तीन दिवसांत पहिल्यांदा, "तिथे मो... मो... मोठ्याने वाचायला लावतात?"
मी अभिजितकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.
"माहीत नाही," तो म्हणाला. "उद्या जाऊन विचारतो."
"मी वि... विचारणार."
उद्या साडेदहाला मुख्याध्यापिका भेटतात. चौघंही जातोय. मी मध्ये तोंड घालायचं नाही, असं तिने माझ्याकडून दोनदा कबूल करून घेतलंय. फॉर्मवर अजून फक्त तिचं नाव आहे, बाकी रकाने कोरे.