आईला ऐकू येईल अशी जागा

शुक्रवार, ३ मार्च

फसलं! सपशेल फसलं.

आईला एकच वाक्य सांगायचंय — मी लग्न करतेय. चव्वेचाळिसाव्या वर्षी, आमच्या ऑफिसची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. घरी सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. म्हणजे आईच्या आधी दादा-वहिनीला कळणार आणि मग वरच्या मजल्याला. लिहून द्यावं, तर तिचा चष्मा कधी जागेवर नसतो. चिठ्ठी वाचायला वहिनीच्याच हातात जाईल. कानाचं यंत्र कपाटात पडून आहे. “किडा वळवळल्यासारखं होतं गं कानात!”

पण पहिलं तिलाच कळायला हवं. म्हणून शहराच्या मधल्या भागातलं सगळ्यात शांत हॉटेल शोधलं. जाड गालिचे, मेणबत्त्या, कुजबुजणारे वेटर. सूप आल्यावर वाकून म्हटलं, “आई, मी लग्न करतेय.”

“लसूण? असू दे थोडा, चव येते.”

“लग्न! लग्न!!”

सात टेबलांनी माना वळवल्या. एका आजोबांनी तर माझ्याकडे बघून पेला उंचावला. आई सूप पीत राहिली.

सोमवार, ६ मार्च

लिफ्टवाल्याला सांगितलं. हसता हसता त्याच्या हातातला पाना खाली पडला. “लसणाला तरी होकार मिळाला ना!” मग हळूच म्हणाला, “घाई नको करू. आधी त्या. मग बाकीचं जग.”

याच्यासाठीच हा माणूस.

बुधवार, ८ मार्च

ऑफिस सुटल्यावर नाट्यगृहामागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मी हल्ली हॉटेलं कानांनी बघते. जेवण कसंय ते नंतर! इथे कॉफीचं यंत्र फुसफुसतं, तिथे फरशीवर खुर्च्या करकरतात. लोक दारातला मेनू वाचतात, मी दाराला कान लावते. दरवान संशयाने बघत होता.

शुक्रवार, १० मार्च

नदीकाठचं मासळीचं हॉटेल. कोपऱ्यातलं टेबल, शेजारी चिटपाखरू नाही. “आई, महत्त्वाचं बोलायचंय,” म्हटलं की ही उठून हात धुवायला! तीनदा गेली. येऊन काय सांगते — “नळ बघितलेस का इथले? हात नेला की पाणी!”

मासा छान होता म्हणे. मला तरी चव लागली नाही.

गुरुवार, १६ मार्च

शांतता पुरे. उद्या उलटं करून बघते.

शुक्रवार, १७ मार्च

तळघरातलं गाण्याबजावण्याचं ठिकाण. ड्रम, ट्रम्पेट, छातीत धडधड. आणि सगळे एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडतायत!

आई अशी खुलली! “इथे सगळेच माझ्यासारखे गं!” टेबलावर ताल धरला. वेटरबाई माझ्याच वयाची. ती आईच्या कानात ओरडायची, आई तिच्या. दहा मिनिटांत मैत्रिणी.

मी आईच्या कानाशी गेले आणि छातीतला सगळा श्वास काढून ओरडले, “आई, मी लग्न करतेय!”

एकाही टेबलाने वळून बघितलं नाही. आई मात्र थांबली. पेला खाली ठेवला. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडायलाच लागली. मी घाबरले. मग बघते तर हसत होती. दोन्ही एकदम.

“कोण?”

“लिफ्टवाला!”

“चढउतार बघितलेला दिसतोय. बोलाव जेवायला!”

घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. किती हलकं वाटतंय!

शनिवार, १८ मार्च

सकाळी आई चहा घेऊन माझ्या खोलीत आली, दार लावलं. म्हणाली, “एवढंच सांगायचं होतं होय तुला? मला वाटलं, तुम्ही भावंडांनी मला कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलंय. म्हणून आपलं तू बोलायला लागलीस की लक्षच देत नव्हते.”

तीन शुक्रवार. आणि प्रत्येक वेळी मी तिला खुर्चीत बसवून विचारलं होतं — आई, जागा आवडली का?