भिंतीत सोडलेली जागा

आप्पा,

आज दुपारी शिलाई मशीन बंद केली आणि तुम्हाला लिहायला बसले. शिवायला आलेले ब्लाऊज तसेच पडून आहेत. पोरं शाळेत गेली आहेत, घरात कुणी नाही. तुम्ही माझं लग्न तेवढं पाहिलंत, पोरं पाहिली नाहीत. थोरली लेक आता सातवीत आहे, धाकटा तिसरीत. आम्ही गेवराईत राहतो, हायवेच्या अलीकडे नवीन प्लॉट पडले तिथं. भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजारी मिक्सर लागला तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो, आणि आज काय वाटण चाललंय तेही वासावरून कळतं. त्या शेजाऱ्यांशी आमचं बोलणं बंद झालंय. त्यांची वरची टाकी भरून वाहते, पाणी आमच्या भिंतीवरून उतरतं आणि पोरांच्या खोलीत ओल आली आहे. ह्यांनी जाऊन सांगितलं, एकदा नीट, एकदा जरा चढ्या आवाजात. तेही चढ्या आवाजात बोलले. मग ह्यांनी लेकीला सांगून टाकलं की आजपासून त्यांच्याकडं जायचं नाही. त्यांची मुलगी आणि माझी लेक एकाच वर्गात आहेत, एकाच रिक्षातून शाळेत जातात. त्या दिवसापासून मला सारखी माहेरची, आपल्या तलवाड्याची आठवण येते आहे.

आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. तिच्या पोटात काहीतरी दुखणं होतं, एवढंच मला सांगितलेलं. नंतर घरात तुम्ही, मी आणि गिरणी. तुम्ही गिरणीत दळण लावायचात, पट्टा नीट बसलाय का बघायचात आणि तेवढ्यात आत येऊन तव्यावरची भाकरी उलटायचात. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, हाताला कायम पीठ. तुमच्या भाकरी चांगल्या व्हायच्या, हे मी आजही सांगते. वेणी मात्र तुम्हाला जमली नाही. तुम्ही केस असे ओढून पिळायचात की माझं कपाळ ताणून डोळे बारीक व्हायचे. एक दिवस अंगणात तुमचा हा कारभार चालू होता आणि पलीकडून शेजारच्या काकूंनी पाहिलं. "आप्पा, पोरगी हाय ती," त्या म्हणाल्या, "दावं वळल्यावानी काय वळताय? द्या इकडं." दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती. मी घमेलं पालथं घालून त्यावर उभी राहिले, भिंतीला पाठ लावून, आणि काकूंनी पलीकडून माझे केस हातात घेतले. तेव्हापासून रोज सकाळी हेच. मी घमेल्यावर उभी आहे, तोंड आपल्या गिरणीकडं, मागून काकूंचे तेलाचे हात, आणि त्यांचं आपलं चाललेलंच आहे, काल कुणाची म्हैस व्याली, आज भाजीत काय घालायचं. काकूंना दोन मुलगेच होते. माझ्या केसांवर त्यांनी हौस फेडून घेतली.

मग मी चौथीत असताना ते भांडण झालं. गिरणीच्या खिडकीतून पीठ उडायचं आणि वारा असला की थेट त्यांच्या अंगणात जायचं. त्या उन्हाळ्यात काकूंनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या सगळ्या पिठानं माखल्या. गिरणीच्या हादऱ्यानं त्यांच्या मागच्या भिंतीला तडा गेला, असंही काकांचं म्हणणं होतं. काका तापट. गिऱ्हाईक उभं असताना गिरणीत शिरले आणि म्हणाले, "ही गिरणी हलव, न्हाई तर मी बंद पाडतो." तुम्ही हातातलं सूप खाली ठेवलंत. "कुठं हलवू? दुसरी जागा हाय का मला?" तिथून बोलणं वाढत गेलं. काय काय बोललात दोघं, ते मी लिहीत नाही. त्यानंतर काका आपल्या दारावरून बैलगाडीत ज्वारी घालून दुसऱ्या गिरणीला न्यायचे. मुद्दाम दिवसाउजेडी, गाडी हळू हाकत. तुम्ही मान वर करायचा नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीशी जावं की नाही, मला कळेना. तुम्ही चुलीपुढं बसला होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "शाळेला उशीर व्हईल. जा, वेणी घालून ये." मी म्हणाले, "पण आप्पा, भांडण झालंय ना?" "भांडण माझं हाय. तुझं न्हाई." मी गेले. काकू आधीच फणी घेऊन उभ्या होत्या. केस मोकळे करता करता हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरात पाय टाकू नको म्हणालेत हे मला. भिंतीचं काही बोलले न्हाईत."

दोन घरांमध्ये जाणंयेणं असलेली मी एकटीच उरले होते. एकदा काका त्यांच्या ओसरीवर कुणाला तरी म्हणत होते, गिरणीवाला लई माजलाय. मी धावत येऊन तुम्हाला सांगायला लागले. अर्धं वाक्य झालं असेल. तुम्ही चाळणी थांबवलीत आणि म्हणालात, "मी इचारलं का?" तेवढंच. तुम्ही कधी मारलं नाहीत मला, पण त्या दिवशी मारल्यासारखं वाटलं. मग संध्याकाळी जेवताना स्वतःहून बोललात. तिकडचं इकडं सांगायचं न्हाई, इकडचं तिकडं न्हाई, मग तुला दोन्हीकडं जाता येईल. मला तेव्हा तो धाक वाटला.

भांडण पुढं गावातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत गेलं. त्यांनी असं ठरवलं की गिरणी आहे तिथंच राहू द्यावी, पण गिरणीवाल्यानं स्वतःच्या खर्चानं मधली भिंत पुरुषभर उंच करावी. तुम्ही कबूल झालात. गवंडी आला, विटा आल्या. मी शाळेतून आले तर भिंत एका बाजूनं चढत आलेली. आता वेणी कुठं घालायची, असं मनात आलं, पण तुम्हाला विचारलं नाही, कारण त्या भिंतीचं नाव काढलं तरी तुम्ही चिडायचात. तेवढ्यात तुम्ही मला हाक मारलीत. घमेलं भिंतीशी ठेवलंत. "चढ." मी चढले. तुम्ही विटकरीचा तुकडा घेतलात आणि माझ्या दोन्ही खांद्यांच्या बाहेर, जुन्या दगडांवर, एकेक रेघ ओढलीत. गवंड्याला म्हणालात, "एवढी जागा सोड."

गवंड्यानं थापी खाली ठेवली. "अहो आप्पा, भिंत कशासाठी बांधायली मग? पीठ जाईल की ह्यातून."

"जाईल थोडंफार."

"लोक इचारतील, कावून सोडली म्हणून."

"सांग, पोरीची वेणी घालायला सोडली."

पलीकडं काका ओसरीवर बसले होते. त्यांना हे सगळं ऐकू गेलं. ते उठून तक्रार करतील असं मला वाटलं. ते उठले, अंगणात आले, त्या जागेकडं पाहिलं आणि परत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उंच भिंतीमधल्या त्या फटीत मी उभी होते आणि काकूंचे हात रोजच्यासारखे पलीकडून आले. भिंतीवरून वेणी घालण्यावर काका काहीच बोलले नव्हते. आता भिंतीतल्या जागेवरही बोलले नाहीत.

असं दोन-एक वर्षं चाललं. मग तो दिवस. शाळेला सुट्टी होती. माझ्या पोटात कळा येत होत्या, आणि कपड्यावर रक्त दिसलं. आई पोटाच्या दुखण्यानं गेली होती, म्हणून मला वाटलं मीही चालले. मी तुम्हाला कपडा दाखवला नाही, फक्त म्हणाले, "आप्पा, मला आईसारखं झालंय," आणि कोपऱ्यात बसून रडायला लागले. तुम्ही आधी घाबरलात, मग तुम्हाला कळलं. तुम्ही गिरणीत गेलात आणि पट्टा काढलात. भर दळणाच्या वेळी गिरणी बंद पडली. बायका उभ्या होत्या, त्यांना तुम्ही म्हणालात, "दळण दुपारून न्या." त्यांच्यातल्या कुणालाही तुम्ही विचारू शकला असतात. विचारलं नाहीत. अंगणात आलात, त्या फटीशी उभे राहिलात आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पलीकडं हाक मारलीत. "वहिनी, जरा घरी येता का? पोरगी रडायलीय."

मी आतून ऐकत होते. काका जेवायला बसले असणार, कारण ताटाचा आवाज एकदम थांबला. मग काकांचा आवाज आला. "जा की. कावून उभी राहिलीस?"

काकू रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं आल्या. तुम्ही बाहेरच थांबलात. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "मरत न्हाईस तू, येडे. तुझ्या आईला गाठ होती पोटात. हे ते न्हाई. हे समद्या बायांना व्हतं, मलाबी व्हतं." मला न्हाऊ घातलं, सगळं समजावून सांगितलं, शिरा केला. आपल्या चुलीपुढं त्या कितीतरी दिवसांनी बसल्या होत्या, पण साखरेचा डबा त्यांना विचारावा लागला नाही. जाताना तुम्ही दारात म्हणालात, "लई उपकार झाले, वहिनी." त्या म्हणाल्या, "उपकार कशाचे? पोरगी माझ्याबी हाताखालची हाय."

पुढच्या दळणाला काका स्वतः आले. गाडी नाही, गडी नाही, ज्वारीचं गाठोडं खांद्यावर. रांगेत ठेवलं. "बारीक दळ," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "नंबर लागंल." "थांबतो." आणि ते खरंच बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून थांबले. कुरडयांचं कुणी बोललं नाही, तड्याचं कुणी बोललं नाही. त्या आठवड्यात तुम्ही बाजारातून मला मोठा आरसा आणलात. आता तुझी तू घालत जा, असं सांगितलंत. मी शिकले. तरी सकाळी फणी घेऊन त्या जागेशी जातच राहिले, आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत. माझ्या लग्नात ओटीसुद्धा काकूंनीच भरली.

आता इकडचं सांगते. परवा धाकटा खेळून आला आणि म्हणाला, "आई, शेजारची काकू काय म्हणत होती माहितीय का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी विचारलं का?" तो चप्पल काढून आत गेला. आवाज माझा होता, पण बोलणं तुमचं. थोरली तिथंच अभ्यासाला बसली होती. ती हल्ली निम्मी भाकरी टाकून उठते. रिक्षात दोघी दोन टोकांना बसतात, असं रिक्षावाल्यानंच मला सांगितलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ह्यांना म्हणाले, "भांडण आपलं आहे. पोरींचं नाही." ते म्हणाले, "आणि घरातलं सगळं बोलणं तिकडं गेलं म्हणजे?" मी म्हणाले, "जाणार नाही. तेवढं मी शिकवीन." त्यांनी तोंडासमोरचा मोबाईल बाजूला केला. म्हणाले, "तू बघ. पण टाकीचं मी सोडणार नाही." मी म्हणाले, सोडू नका. ओल खरीच आहे. ती मिटायला वेळ लागेल, आणि कदाचित मिटणारही नाही.

तुमच्यासारखं मला जमलं नाही. तुम्ही सरळ हाक मारली होतीत. मला दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत यावं लागलं. काल संध्याकाळी शेवटी त्यांची बेल वाजवली. शेजारणीनं दार उघडलं, माझ्याकडं पाहिलं, हातातल्या वाटीकडं पाहिलं. मी म्हणाले, "थोडं विरजण मिळेल का? दूध तापवून ठेवलंय." ती आत गेली. मला वाटलं आता नाहीच म्हणेल. पण ती त्यांच्याच वाटीत दही घेऊन आली, वरपर्यंत भरून, आणि म्हणाली, "वाटीची घाई नाही. तुमच्या पोरीबरोबर पाठवा." आज सकाळी लेक वाटी द्यायला गेली ती रिक्षाचा हॉर्न वाजला तरी येईना. मग दोघी एकदमच बाहेर आल्या, एकीची वही दुसरीच्या हातात.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. अस्तराच्या कपड्यांखाली ठेवून देईन आणि पोरं यायच्या आत दोन ब्लाऊज तरी शिवून काढीन. ह्यांना मी हे सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते. आप्पा, घरात दही होतं. फ्रिजमध्ये पातेलंभर.