चुलीपाशी शब्द कळत नाहीत

मदर, आज मला राग आला आहे, आणि तो ऐकून घेण्याच्या लायकीचं माणूस तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तुम्ही जाऊन किती पावसाळे झाले ते मी मोजत नाही. सकाळी चर्चमध्ये नव्या फादरांनी प्रवचन केलं, बायबल कसं वाचावं यावर. कोवळं पोर आहे, दाढी अजून धड उगवत नाही, पण आत्म्याच्या वाढीच्या वाटा सांगत होतं. रोज ओळीनं एक अध्याय वाचा. नाहीतर एकच वाक्य घ्या आणि दिवसभर घोळवा. नाहीतर वाचलेलं आपल्या शब्दांत लिहून काढा. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी म्हणे नुसतं शांत बसून ऐकावं, बायबलातल्या त्या धाकट्या बहिणीसारखं. मग दोघी बहिणींची गोष्ट आली. प्रभू घरी येतात, धाकटी पायाशी बसून ऐकते, थोरली स्वयंपाकात राबते आणि कुरकुरते, आणि प्रभू म्हणतात, धाकटीनंच बरोबर निवडलं. थोरलीवर सगळं चर्च हसलं. मी हसले नाही. घरी येऊन रेशनचा तांदूळ सुपात घेऊन बसले, आणि खडे निवडता निवडता तुम्ही समोर उभ्या राहिलात, दारात, नेहमीच्या जागी. म्हणून सूप बाजूला सारून हे लिहायला घेतलं.

शुक्रवारचा शेवटचा तास तुमचा. लोणावळ्याचं धुकं खिडकीतून वर्गात येऊन बसायचं, आणि फळा दिसेनासा झाला की तुम्ही म्हणायचात, "छान झालं, आता डोळे मिटा." मग एकच गोष्ट वाचायचात, इतकी सावकाश की दोन वाक्यांच्या मधे घाटातल्या गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनाची धाप ऐकू यायची. नंतर पुस्तक मिटून एकेकीला विचारायचात, "तू कुठे उभी आहेस? पायाखाली काय आहे? वास कसला येतो?" बायबल वाचायचं नसतं, त्याच्या आत जायचं असतं, ही एवढी एकच रीत तुम्हाला माहीत होती. मी जायची. गालीलचा समुद्र म्हणजे माझ्या लेखी वळवणच्या नव्या धरणाचं पाणी. आंधळा भिकारी स्टेशनच्या पुलाखाली बसलेला. दोन माशांवर हजारो माणसं जेवली ते गवत आमच्या माळावरचं, पायांना कुसळं टोचणारं. स्टेशनमास्तरची मुलगी मात्र, गोष्ट कुठलीही असो, प्रभूच्या पायाशीच बसलेली असायची, तेही पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये.

माझा बाप गेल्यावर तुम्ही आईला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात काम दिलंत आणि मला शेवटच्या बाकावर जागा. फी नाही. त्या जागेच्या पलीकडे आम्हाला काही नव्हतं. गावाकडे चुलता आईला परत घ्यायला तयार नव्हता आणि माझं लग्न ठरवायला मात्र उतावीळ होता. आई रोज वेणी घालताना सांगायची, "त्वांड आवर. हितनं काडलं तर कुटं जायाचं?" मी मान हलवायची. आईच्या हातात वेणी असली की मान आपोआपच हलते.

आणि मग त्या शुक्रवारी तुम्ही दोघी बहिणींची गोष्ट वाचता. मी डोळे मिटलेले आहेत. माझी पाळी येते.

"तू कुठे उभी आहेस?"

"स्वयंपाकघरात, मदर."

"काय दिसतं?"

"धूर. लाकडं ओली आहेत."

"प्रभू काय बोलतात ते ऐकू येतं?"

"आवाज येतो, मदर. शब्द कळत नाहीत."

"मग बाहेर ये. बहिणीजवळ बस."

"बसले असते, पण त्यांच्याबरोबरची सगळी माणसं जेवायची आहेत. भात कोण उतरवणार? त्यांनीच आत यावं. चुलीपाशी बसून बोलावं."

वर्ग खिदळतो. मी डोळे उघडते आणि तुमचा चेहरा त्या पांढऱ्या टोपीत लाल झालेला दिसतो. "देवाला हुकूम सोडतेस?" तुम्ही म्हणता. "जिथे उभी आहेस, तिथेच जा. मी बोलवेपर्यंत वर्गात येऊ नकोस."

तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. आईनं सगळं ऐकलं, हातात डाव तसाच. "देवाला सैपाकघरात बोलवलंस? लय शानी झालीस. आत्ताच्या आत्ता जा आन् पाया पड तिच्या." मी गेले नाही. खोटं काय बोलले होते मी? तुम्हीच विचारलं होतंत, कुठे आहेस म्हणून. आठवडाभर मी तांदूळ निवडत बसले आणि भिंतीपलीकडून माझ्या वर्गाचे पाढे ऐकत राहिले. नुसता सूर यायचा. आई रडायची नाही, पण ताटं नेहमीपेक्षा जोरात आपटायची, आणि रात्रीच्या प्रार्थनेत माझ्या चुलत्याचं नाव घेऊ लागली, म्हणजे तिनं मनातून गाठोडं बांधलं होतं.

पुढच्या शुक्रवारी, शेवटच्या तासाला, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. हातात पुस्तक. आई पदराला हात पुसत उभी राहिली. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून तीच गोष्ट पहिल्यापासून वाचलीत, तुमच्या त्या अडखळत्या मराठीत, भाताच्या रटरटीच्या वर आवाज चढवून. धूर तुमच्या डोळ्यांत गेला तरी थांबला नाहीत.

"आता शब्द कळले?"

"कळले, मदर." आणि मग, जीभ माझीच, म्हणून विचारलं, "तुम्ही कुठे उभ्या असता?"

आईनं माझा दंड असा चिमटला की वळ उठला. तुम्ही मात्र रागावला नाहीत. खूप वेळ पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिलात. "बाहेर," तुम्ही म्हणालात. "दाराबाहेर. मी तुम्हाला सगळ्यांना आत पाठवते. मला आत येता येत नाही." आणि वळताना, पुन्हा मदरच्या आवाजात, "सोमवारी बाकावर बस. शाई सांडू नकोस."

तुमचे बूट वाजायचे थांबल्यावर आईनं विचारलं, "काय म्हनली गं मदी, हळूच?"

"म्हणाली, मी बाहेरच असते."

"मंग आत या म्हनायचं व्हतं की, गाढवे! दारात आलेल्या मान्साला!"

त्या बाकावरून मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि तळेगावात जन्मभर पोरं शिकवली. वाचनाच्या बाकीच्या रीतीही करून पाहिल्या, मदर, नाही असं नाही. ओळीनं वाचायला घेतलं, तर कुठलं जनावर खावं आणि कुठलं खाऊ नये याच्या यादीत अडकून पडले. एकच वाक्य दिवसभर घोळवलं. ते कोळशाच्या रांगेत उभं राहायला बरं पडतं. शेजारच्या बाई तांबड्या-निळ्या पेन्सिलींनी रेघा मारतात, त्याही मारल्या. पान सुंदर दिसतं आणि मी होते तिथेच राहते. ज्याला जी वाट चालते त्यानं ती चालावी. पण त्या फादरला सांगायला हवं होतं की बाबा रे, गोष्ट सांगण्याआधी विचार, तू कुठे उभा आहेस. तो नक्की पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या झग्यात.

धाकटीनंच बरोबर निवडलं, हा प्रभूंचा निवाडा मला अजून पटलेला नाही. वर आल्यावर मी प्रभूंशी त्यावर भांडणार आहे, तेव्हा तुम्ही मधे पडू नका.

हा कागद उद्या सकाळी शेगडी पेटवायला जाईल. पण एक सांगते. हल्ली दुपारी डोळे मिटले की मी त्याच स्वयंपाकघरात असते, बाहेर धुकं, आत धूर, आणि प्रभू आत आले आहेत की नाहीत ते मला खरंच दिसत नाही. तुम्ही दिसता. मी दरवेळी ओरडते, आत या, दारात काय उभ्या राहता, आणि तुम्ही झगा सावरत येता आणि माझ्याशेजारी पाटावर बसता. तांदूळ तुम्हाला नीट निवडता येत नाही. खडे तसेच राहतात. मी काही बोलत नाही.