घोडेवाल्याची हाक

१० नोव्हें., सोमवार
भिंतीला चुना देऊन चार दिस झाले न्हाईत, तर वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोरीनं तिच्यावर मशिनीनं पिच्चर लावला. मला इचारलं पन न्हाई. अकोल्याची हाय, कंपनीत कामाला. वर म्हनती, "आजी, बसा ना. खूप जुना आहे, कोणी पाहिलेलाच नाही." कुनी बघितला न्हाई मंजी कायतरी कारन असंलच की.
काळापांढरा. गोऱ्यांचा. टोप्या, घोडे, नुसता फुफाटा. आमचे हे खुर्ची ओढून पार फुडं. एक मेलेला घोडेवाला तिन्हीसांजेला दारात येऊन नाव घेतोय. जो ओ देतो त्यो त्याच्या मागं जातो, परत न्हाई. भाषा कळाया कशाला पायजे? आपली हाकमारीच ती. मधीच बंद कराया लावला. म्हनलं, तीन हाका झाल्याबिगर ओ देऊ नये, एवढं ह्या टोपीवाल्यांना कुनी शिकिवलं न्हाई व्हय? पोरगी हसली. हे पन हसले.

११, मंगळ.
भात झोडायचं पडलंय. दुपारी हे खाटेवरनं, "ओ, आलो."
हाक कुनाचीच न्हवती. "कुनाला ओ देताय?"
"दादा बोलावतोय."
थोरले दीर. जाऊन लई वरसं झाली. म्हनलं, जित्तेपनी बांधावरनं भांडत बसले, आता बरी आठवन आली. बोलले खरी, पन तव्यावरची भाकर जळाली.

१३, गुरु.
परत. आज वहाना घालून फाटकापतूर गेले. दंडाला धरून आनलं.
पिरंगुटचा डॉक्टर म्हनतो, वयानं हुतं. वय माझं न्हाई झालं? मला कोन बोलवत न्हाई ते.
सून म्हनती, "आई, पिच्चर मनावर घेऊ नका." घेत न्हाई. जेवन मातर जात न्हाई.

१४, शुक्र.
पोरीला म्हनलं, शेवट दाव, मला एकटीला. मोबाईलवर दावला. म्हातारा दाराकडं निघतो. बायकू त्याच्या तोंडावर हात दाबती आन् सोता ओ देती. घोडेवाला नुसता बघतो. मग उघडं दार. संपला.
"न्हेलं कुनाला गं?"
"दाखवलंच नाही, आजी."
असला पिच्चर कोन बघंल.

१५, शनि.
तिन्हीसांज. हे उठून बसल्यात, कान दाराकडं. मला पन आज कायतरी... कुत्रं असंल.
कडी घातली. सुनंला, पोरीला, ह्यांना, समद्यांना बजावलंय. भाईरनं हाक आली, कुनाची का असंना, ओ मी देनार. दुसऱ्या कुनी तोंड उघडायचं न्हाई.